मोरसच्या बेटावर

आमच्या बडोद्यात जुन्या वाण्याच्या दुकानी एखादी वृद्ध गुजराती बाई अजूनही 'एक किलो मोरस' मागते आणि वाणी निमूटपणे तिच्यापुढे साखरेची पुडी ठेवतो. आपल्या मराठी घरांतील जुन्या पिढीच्या तोंडीही 'मोरस साखर' हा शब्द होता. मोरस म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरातील त्या बेटावरून पांढरी, बारीक दाण्याची साखर एके काळी आपल्या बाजारात येत असे आणि देशाचे नावच मालाला चिकटून बसले, जसे 'चिनी' आणि 'मिसरी' या शब्दांचे झाले आहे. पुढे स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला. दैवदुर्विलास असा, की ज्या साखरेला आपण परदेशी म्हणून नाकारीत होतो, तिचा ऊस तोडणारे हात पुष्कळसे आपलेच होते. बिहारचे, मद्रास इलाख्याचे, आणि थोडे रत्नागिरी-साताऱ्याकडचेही.

शब्दांच्या मागे लागण्याची खोड मराठीच्या शिक्षकास असतेच. निवृत्तीस थोडी वर्षे उरली असताना, २०२३ च्या मे महिन्याच्या अखेरीस, सुटीत, सौ.सह त्या बेटावर दहा दिवस राहण्याचा योग आला. मॉरिशस म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर मधुचंद्राची जोडपी, निळे पाणी आणि दिवसाला आपल्या महिन्याच्या किराण्याइतके भाडे घेणारी हॉटेले उभी राहतात. त्यांविषयी येथे काही लिहिणार नाही, कारण आम्ही तेथे राहिलो नाही. एका गृहस्थांच्या घराच्या माडीवर दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. सकाळी बाहेर पडावे, रस्त्यावर मिळेल ते खावे, बसने हिंडावे आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे असा आमचा क्रम होता. अंधारही तिकडे त्या दिवसांत लवकर पडतो. विषुववृत्ताच्या दक्षिणेस २० अंशांवर हे बेट असल्यामुळे आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. बडोद्याच्या ४३ अंशांच्या भट्टीतून निघून अंगावर स्वेटर घालण्याची वेळ आली, तेव्हा सौ.चा प्रवासखर्चाविषयीचा राग निम्मा ओसरला.

बेट लहान आहे. लांबी सुमारे ६५ किलोमीटर, रुंदी ४५. आपल्या एखाद्या जिल्ह्यात मावेल एवढे. सकाळी पूर्वेचा समुद्र पाहून दुपारी पश्चिमेचा पाहता येतो. ज्वालामुखीतून वर आलेली ही भूमी. तिच्या भोवती पोवळ्यांच्या खडकांचे कडे आहे. बाहेरच्या महासागराच्या लाटा त्या कड्यावर आपटून पांढऱ्या होतात आणि आतले पाणी एखाद्या तळ्यासारखे शांत राहते. आम्हां गुजरातवासीयांस समुद्र ठाऊक असतो तो खंबातच्या आखाताचा, गढूळ आणि ओहोटीला मैलभर मागे सरणारा. येथे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून आपल्या पायांची नखे दिसतात. दक्षिणेस सुयाक गावाजवळ मात्र या कड्याला खंड पडला आहे. तेथे ग्री-ग्री नावाच्या कड्यावर उभे राहिले की महासागर थेट काळ्या दगडावर येऊन आदळतो आणि छातीत धडकी भरते. शांत किनारे पाहून सुस्तावलेल्या प्रवाशाने एकदा तरी येथे जावे. पोवळ्याचे ते कडे बेटासाठी काय करते ते पुस्तक न उघडता समजते.

आता खाण्याविषयी. पोर्ट लुई या राजधानीच्या मध्यवर्ती बाजारात पहिल्याच सकाळी आम्ही गेलो. भाजीच्या ओळीत शिरताच सौ. मला विसरून गेली. दुधी, दोडका, भेंडी, कारले, शेवग्याचा पाला, अळूची पाने. सारे ओळखीचे चेहरे आणि नावे मात्र अनोळखी. भेंडीला 'लालो', दोडक्याला 'पिपंगाय', पालेभाजीला एकूण 'ब्रेद'. शेवग्याच्या पाल्याची जुडी उचलून विक्रेती 'ब्रेद मुरुम' म्हणाली, तेव्हा मला रस्त्यावर पसरायचा मुरूम आठवून हसू आले. परंतु तो तमिळ 'मुरुंगै'चा अवतार आहे आणि पिपंगायही तमिळच. कोथिंबिरीला ते 'कोतोमिली' म्हणतात, चटणीला 'सातिनी' आणि लोणच्याला 'आशार'. बेटाची बोली क्रेओल. तिचा सांगाडा फ्रेंच भाषेचा, तो आफ्रिकेतून व मादागास्करहून आणलेल्या गुलामांनी आपल्या जिभेवर घडविला, आणि पुढे मजुरांनी तिच्यात आपापले स्वयंपाकघर आणून ओतले. निरोप घेताना धर्म कोणताही असो, माणसे 'सलाम' म्हणतात. व्याकरणाच्या शिक्षकाने येथे चार दिवस नुसते भाजीबाजारात काढावेत.

या बेटाचे राष्ट्रीय अन्न कोणते असे कोणासही विचारले तर तो एकच उत्तर देईल. फलकावर रोमन लिपीत जे लिहिलेले असते ते आपण 'ढोल पुरी' असे वाचू; ती मूळची दालपुरी. भोजपुरी मजुरांनी ती आणली. पिवळी डाळ हळद घालून शिजवायची, पाणी निथळून कोरडी बारीक करायची, जिऱ्याची पूड मिसळायची, मैद्याच्या मऊ गोळ्यात भरायची आणि कागदासारखी पातळ लाटून तव्यावर तेल सोडून भाजायची. म्हणजे आपली पुरणपोळीच, गुळाशी काडीमोड घेतलेली! लाटण्याचे कौशल्य मात्र कौतुकाचे. पुरण कडेपर्यंत गेलेले, आणि पोळी इतकी तलम की चौघडी केली तरी एका हातात मावावी. विकणारा दुचाकीच्या मागे बसविलेल्या काचेच्या पेटीत किंवा कोपऱ्यावरच्या टपरीत उभा असतो. ती नेहमी जोडीने घ्यायची. एकटी पुरी मागणारा परदेशी समजावा. दोन पुऱ्यांवर मोठ्या पांढऱ्या पावट्याची रस्साभाजी, टोमॅटोची 'रुगाय' नावाची थायम घातलेली चटणीवजा भाजी, थोडा आशार, आणि शेवटी विक्रेता डोळे वर करून विचारतो, 'पिमां?' पिमां म्हणजे मिरची. हो म्हणण्यापूर्वी विचार करावा. गुंडाळी कागदात बांधून हातात येते आणि ती उभ्याउभ्याच खायची असते. बँकेतला साहेब, शाळेची मुले, गवंडी आणि पोलीस एकाच रांगेत उभे असतात. सणावारी हीच पुरी हिंदू घरांत खिरीबरोबर वाढतात.

ती खाताना मला आमच्या बडोद्याचे सेव-उसळ आठवले. ते आज गुजराती माणसाचे झाले आहे. गाडीवर उभा राहून खाणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना 'उसळ' हा शब्द कोणाच्या घरातून आला याची दादही नसते. पदार्थ स्वतःच्या पायांवर उभा राहिला की त्याला आणणाऱ्याचे नाव विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. याचा आनंद मानावा की खंत करावी, हा प्रश्न त्या बेटावर दहाही दिवस माझ्याबरोबर फिरत होता.

सकाळच्या न्याहारीला 'गातो पिमां' हा दुसरा प्रकार. नावाचा शब्दशः अर्थ मिरचीचा केक! प्रत्यक्षात तो भिजवून वाटलेल्या डाळीचा, हिरवी मिरची, कांद्याची पात व कोथिंबीर घातलेला छोटा गोल वडा. लोणी लावलेल्या पावात तो दाबून खातात. पाव फ्रेंच, वडा तमिळ, आणि एकूण कल्पना पाहता आपल्या वडापावाची चुलत बहीण. बाजारातच 'आलुदा' मिळते. दूध, सबजाचे बी, चिनी गवताचे लांबट तुकडे आणि व्हॅनिला. म्हणजे फालुदाच, शेवयांवाचून. फाराटा म्हणजे पराठा, आणि मुसलमानी खानावळीत तांब्याच्या देगीतून निघणारी 'ब्रियानी', तिच्यात बटाट्याचे मोठे तुकडे. चिनी वस्तीत वाफेवर शिजविलेले गोळे सूपमध्ये सोडून देतात, त्यांस 'बुलेत' म्हणतात. त्यांतले 'शूशू'चे, म्हणजे चायोट नावाच्या फळभाजीचे, शाकाहारी समजून सौ.ने मागविले आणि वेळीच चौकशी केल्यामुळे परत केले, कारण त्यात बहुधा कोळंबी किंवा मासा मिसळलेला असतो. शाकाहारी वाचकांनी हे ध्यानी ठेवावे. एरवी तेथे त्यांची उपासमार होण्याचे कारण नाही. तमिळ मंडळींच्या सणाला केळीच्या पानावर 'सात कारी' वाढतात, सात भाज्यांचे ते जेवण संपूर्ण शाकाहारी असते आणि आता काही खानावळींतही मिळते.

मी मासे खातो. माझ्या वाट्याला आली 'विंदाय'. तळलेल्या माशाचे तुकडे मोहरीची पूड, हळद, व्हिनेगर, लसूण, सबंध छोटे कांदे आणि हिरव्या मिरच्या यांत मुरवून थंडच खातात. गोव्याच्या वाचकांना नावावरूनच ओळख पटली असेल. पोर्तुगीजांचा दारू-लसणीचा माशामांसाचा प्रकार गोव्यात येऊन 'विंदालू' झाला, आणि त्याच कुळातील ही विंदाय. गोव्याचे विंदालू झणझणीत. ही सौम्य आणि मोहरीच्या चवीची, कैरीच्या ताज्या लोणच्यासारखी नाकात चढणारी. पावाबरोबर खाल्ली तर दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते. ऑक्टोपसची आमटीही लोक आवडीने खातात. ती मी चाखली, पुन्हा मागविली नाही.

किनाऱ्यावर अननस विकणारा भेटतो. तिकडचा अननस लहान व अतिशय गोड. डोळे काढताना सुरीने तो असा वळणावळणाने कोरतो की देठ हातात धरून जिन्याच्या खांबासारखे नक्षीदार फळ खाता येते. वर मीठ, मिरची आणि चिंचेचे पाणी. सुरूच्या झाडांच्या सावलीत, पाय वाळूत खुपसून हा अननस खाणे, याहून निराळे मॉरिशस दाखवा म्हटले तर मला दाखविता येणार नाही. रविवारी सार्वजनिक किनाऱ्यांवर स्थानिक कुटुंबे पातेली, चटया आणि आजीआजोबांसह येतात. कोणी 'रावान' हे मोठे चर्मवाद्य जाळावर तापवून वाजवू लागतो आणि सेगा नाच सुरू होतो. भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा तिकडे सर्वांचा मानला जातो; तरीही हॉटेलांच्या भिंतींनी वाटा अरुंद होत चालल्या आहेत अशी तक्रार आमच्या घरमालकांपासून बसच्या वाहकापर्यंत अनेकांनी केली.

आणि किनारा ही काय चीज आहे ते या लोकांना २०२० साली कळून चुकले आहे. त्या वर्षी २५ जुलैला 'वाकाशिओ' हे जपानी मालकीचे प्रचंड जहाज आग्नेय किनाऱ्याजवळच्या पोवळ्यांवर चढले. ऑगस्टच्या आरंभी त्यातून तेल गळू लागले. सुमारे १००० टन काळे तेल त्या काचेसारख्या पाण्यात पसरले. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता हजारो माणसे किनाऱ्यावर धावली. उसाचे पाचट कापडात भरून, शिवून, त्यांनी मैलोगणती लांबीचे तरंगते बांध घातले. स्त्रियांनी केस कापून दिले, कारण केस तेल शोषून घेतात. ज्या उसासाठी त्यांच्या पणजोबांना येथे आणले गेले, त्याच उसाचे पाचट पणतवंडांनी समुद्र वाचविण्यासाठी शिवले. जवळच ईल ओ एग्रेत नावाचे अवघ्या २६ हेक्टरांचे पोवळ्याचे बेटुक आहे. तेथे मूळचे रान पुन्हा वाढवीत आहेत. गुलाबी कबूतर आणि प्रचंड कासवे तेथे मोकळी हिंडतात. तेलाच्या वेळी तेथील काही जीव आणि रोपे हलवावी लागली. आम्ही गेलो तेव्हा एक कासव वाटेवर आडवे बसले होते आणि मार्गदर्शकासह बारा माणसे त्याच्या मर्जीची वाट पाहत दहा मिनिटे उभी होती. ज्या बेटाने डोडो पक्षी सतराव्या शतकातच गमावला, त्याने हे अदब शिकणे योग्यच होय. १९७४ साली रानात केवळ चार मॉरिशस ससाणे उरल्याची नोंद होती; त्यांची अंडी जपून, पिले हाताने वाढवून ती जात वाचविली गेली. ब्लॅक रिव्हरच्या दऱ्यांच्या राष्ट्रीय उद्यानात दुर्बीण घेऊन बसले तर आज तो दिसू शकतो. आम्हांस दिसली ती माकडे, आणि त्यांनी सौ.ची पिशवी तपासली.

हिंडण्याजोगे आणखी पुष्कळ आहे. शामारेलची सात रंगांची माती छायाचित्रात अधिक रंगीत दिसते; शेजारचा धबधबा मात्र फसवीत नाही. ल पूस या ८१२ मीटरांच्या डोंगरावर १८३६ साली तरुण चार्ल्स डार्विन चढून गेला होता. आम्ही निम्म्यावरून परतलो. पांप्लेमूसच्या वनस्पतिउद्यानात परातीएवढ्या पानांची कमळे आहेत, आणि तालिपोत नावाचा ताड आहे, जो अनेक दशके वाट पाहून एकदाच फुलतो आणि मरतो. मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांच्यावर याच बागेत अंत्यसंस्कार झाले. गंगा तलावास शिवरात्रीला बेटभरातून लोक कावडी घेऊन पायी येतात. आम्ही गेलो तेव्हा धुके होते आणि ३३ मीटरांचा मंगल महादेव कमरेपर्यंतच दिसत होता.

परंतु दोन ठिकाणी अधिक वेळ द्यावा. नैऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला ल मोर्न हा ५५६ मीटरांचा उभा कातळ आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम या कातळाच्या कपारींत लपून राहत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली, ती बातमी सांगावयास शिपाई वर चढू लागले, आणि आपणांस पकडावयास आले असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका आहे. पहिला तासभर वाट रुंद व सोपी आहे. माझ्या वयाच्या माणसाने तेथेच थांबावे. वाऱ्याखेरीज आवाज नव्हता. खाली पाण्याचे सात निळे रंग आणि दूरवर पोवळ्याच्या कड्यावरची पांढरी रेषा. आनंदासाठी आलेल्या माणसालाही येथे चार क्षण बोलवत नाही.

दुसरे ठिकाण बंदराजवळचा आप्रवासी घाट. पूर्वी त्यास कुली घाट म्हणत. गुलामगिरी संपण्याच्या सुमारास ऊसमळ्यांना मजूर हवे होते. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे करारावर येथे उतरली. जहाजातून उतरून वर यावयाच्या १६ दगडी पायऱ्या आजही आहेत. २००६ साली युनेस्कोने या स्थळास जागतिक वारसा मानले. मुंबई बंदरातून निघालेल्यांची संख्या कलकत्ता-मद्रासच्या मानाने लहान. तेच येथील मराठी समाजाचे पूर्वज. उसाच्या शेतांतून जाताना काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतात, बांधून काढलेल्या पिरॅमिडांसारखे. शेत साफ करताना हातांनी उचललेले ते दगड होत. बसच्या खिडकीतून ते पाहिले म्हणजे 'मोरस'ची गोडी कितीला पडली याचा हिशेब कोणी निराळा मांडून दाखवावा लागत नाही. या मजुरांची बाजू न्यायालयात लढविण्यासाठी गांधीजींच्या सांगण्यावरून १९०७ साली जे बॅरिस्टर येथे आले, ते मणिलाल डॉक्टर बडोद्यात जन्मलेले. त्यांनी १९०९ मध्ये येथे 'हिंदुस्थानी' हे पत्र काढले. आपल्या गावात त्यांचे नाव किती जणांस ठाऊक असेल?

बसमध्ये आम्ही दोघे बोलत असता पुढच्या बाकावरील एका गृहस्थांनी मागे वळून विचारले, 'तुम्ही मराठी?' एवढे दोनच शब्द त्यांनी मराठीत विचारले. पुढचे संभाषण हिंदी, भोजपुरी आणि इंग्रजीच्या खिचडीत झाले. त्यांचे घर कास्काव्हेल गावात, पश्चिमेकडे, जेथे मराठी वस्ती जुनी आहे. रविवारी जेवावयास या, असा त्यांनी आग्रहच धरला.

घरात गणपतीची तसबीर, अंगणात तुळस. गणेशचतुर्थीला या देशात सार्वजनिक सुटी असते, आणि मूर्ती वाजतगाजत समुद्रावर नेतात. मोदक होतात, गुढी उभारतात, कोकणातली जाखडी नाचतात. प्राथमिक शाळांत हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दूप्रमाणे मराठीही शिकविली जाते, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत पुढचे शिक्षण मिळते. त्याच संस्थेच्या दप्तरात मजुरांच्या नोंदी जपलेल्या आहेत. जहाज, गाव, वय, बापाचे नाव, अंगावरची खूण, आणि १८६० नंतरच्या काळातली छायाचित्रेही. यजमानांनी तेथून मिळविलेला आपल्या खापरपणजोबांचा उतारा चौकटीत लावला होता. गावाचे नाव साहेबाच्या कारकुनाने असे काही लिहिले होते की ते आम्ही तिघांनी मिळून, पाच-सहा तऱ्हांनी उच्चारून पाहिले. जिल्हा रत्नागिरी एवढे स्पष्ट होते.

त्यांच्या मातोश्री ऐंशीच्या पुढच्या. त्या मागच्या पडवीत दगडी पाट्यावर मसाला वाटीत होत्या. पाट्याला तिकडे 'रोस कारी' आणि वरवंट्याला चक्क 'बाबा' म्हणतात. सौ. त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि 'आजी, मला द्या' म्हणून वरवंटा हाती घेतला. दोघींस एकमेकींची भाषा निम्मी कळत होती, परंतु वाटण किती ओले ठेवावे यावर त्यांचा वाद रंगला आणि त्यात आजींचा जय झाला. जेवणात भात, डाळ, अळूचे फदफदे म्हणावे असे 'ब्रेद सोंज', लाल भोपळा, टोमॅटोची सातिनी आणि गोड म्हणून पुरणाच्या पोळ्या. होय, गुळाच्या! आमच्यासाठी मुद्दाम केलेल्या. अळूत चिंच होती, शेंगदाणे नव्हते. तेवढा फरक सोडला तर हे ताट आमच्या आजोळच्या पंक्तीत कोणी ओळखले नसते.

घरात बोली क्रेओल. यजमान आणि त्यांची पत्नी आपसांत तीच बोलतात, मुले फ्रेंच व इंग्रजीत शिकतात. 'चव राहिली, भाषा गेली,' असे यजमान हसत म्हणाले. माझ्या मनात आले, आपल्या बडोद्याच्या कित्येक घरांत पुरणपोळी होते आणि हे मासिक आजोबाच वाचतात. तिकडे दीडशे वर्षांत जे घडले ते येथे पन्नास वर्षांत होऊ पाहत आहे, तेही समुद्र न ओलांडता. परंतु तेव्हा मी बोललो नाही, कारण आजी गाऊ लागल्या होत्या.

ते जाखडीच्या वेळचे गाणे होते, त्यांच्या सासूकडून त्यांना आलेले. चाल कोकणातली. शब्द पुष्कळसे झिजलेले, काही क्रेओल वळणाने उच्चारलेले. गाणे संपल्यावर त्यांनी दोन शब्दांचे अर्थ मला विचारले. साठ वर्षे त्या ते गात होत्या, अर्थ सांगणारा कोणी उरला नव्हता. एक शब्द 'पाणवठा', दुसरा 'वळचण'. पहिला सांगणे सोपे गेले. दुसऱ्यासाठी मी त्यांना अंगणात नेले आणि पत्र्याच्या छपराची पुढे आलेली कड दाखविली, जिच्याखालून पावसाचे पाणी गळते आणि जिच्या आडोशाला चिमण्या बसतात. आजी बराच वेळ त्या कडेकडे पाहत उभ्या राहिल्या. मग गाण्याची ती ओळ त्यांनी पुन्हा म्हटली, अगदी हलक्या आवाजात.

त्यांची नात दहाएक वर्षांची, शाळेत मराठी घेतलेली. तिने वही आणली आणि आजी सांगतील तसे गाणे मी देवनागरीत लिहून दिले. ती बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागली. 'पाणवठा' बिनचूक वाचला. 'वळचण'मधल्या ळपाशी अडली. तो तिने दोनदा ल म्हटला, तिसऱ्यांदा जीभ मागे वळवून बघितली, आणि साधला तेव्हा आजीकडे पाहून हसली. आम्ही निघेपर्यंत ती वही तिने खाली ठेवली नव्हती.